उलटा वारा, उलटे खिसे

काउंटरच्या मागच्या फळ्यावर दोन ओळी असायच्या. वरच्या ओळीत अंतर, पांढऱ्या तैलरंगात. खालच्या ओळीत प्रवासाचा वेळ, खडूनं. अंतर काय बदलायचंय? इथल्या धावपट्टीपासून पलीकडच्या धावपट्टीपर्यंत हवेतून एकशे चाळीस किलोमीटर. विमानतळ सुरू झाला त्या दिवशी ते रंगवलं ते रंगवलं. वेळ मात्र विमानाच्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचा आणि नव्यानं लिहायचा, आणि हे काम काटाताईचं होतं.

विमानतळ म्हटल्यावर भलतंसलतं काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, दोन बाकं, एक काउंटर, मागं पटांगण, कमरेएवढं तारेचं कुंपण. विमान आठवड्यातून दोनदा यायचं, तेही डझनभर माणसांचं. पलीकडचा विमानतळ असाच, जणू याचा जुळा भाऊ. दोघांच्या मध्ये डोंगर आडवा पडलेला. रस्त्यानं जायचं तर त्याला वळसा घालून सव्वाचारशे किलोमीटर. पहाटे निघालेली बस अंधार पडल्यावर पोहोचायची, आणि माणूस दुसरा अख्खा दिवस पाठ शेकण्यात घालवायचा. त्यामुळे या गावाला विमानाचं कौतुक नव्हतं. पाणी जसं लागतं तसं विमान लागायचं.

काटाताईचं खरं नाव तिच्या आईला आणि सरकारला ठाऊक. बाकी सगळ्यांची ती काटाताई, कारण काउंटरच्या बाजूला जमिनीत बसवलेला मोठा काटा होता, गोदामात पोती मोजायला असतो तसा, आणि त्याच्यावर तिचं राज्य होतं. एवढ्याशा विमानात सामानाबरोबर माणूसही मोजावा लागतो. काट्याची तबकडी फक्त तिच्याकडे तोंड करून होती. निम्म्या गावाची वजनं तिच्या पोटात होती आणि तिथून एकही कधी बाहेर पडलं नाही. एकदा एका बाईनं होणाऱ्या सुनेचं वजन हळूच विचारलं, तेव्हा "विमानाला पेलवतं, तुम्हालाही पेलवेल" असं म्हणून तिनं त्या बाईला वाटेला लावलं होतं.

लोकांचा एक प्रश्न ठरलेला. "ताई, अंतर रोज तेवढंच, मग वेळ का बदलतो?" आणि तिचं उत्तर ठरलेलं. जाताना वारा समोरून असतो. तो शहाण्यासारखा वागला तर चाळीस मिनिटं, हट्टाला पेटला तर पंचावन्न. जास्त वेळ हवेत राहायचं म्हणजे इंधन जास्त, इंधनालाही वजन असतं, आणि तेवढं वजन मग माणसांतून किंवा सामानातून काढायचं. "आज एका सीटवर वारा बसलाय," ती सांगायची, "आणि पठ्ठ्यानं तिकीटही काढलेलं नाही."

ऐकायला हे गमतीचं वाटतं. पण ज्याची पेटी त्या दिवशी मागं राहायची त्याला गंमत वाटत नसे. काटाताईनं नव्या नवरीची पेटी उतरवली होती, वकिलांची जाडजूड पुस्तकं उतरवली होती, एका मोठ्या साहेबांनाच बाकावर बसवून ठेवलं होतं. ज्याचं वजन आधी झालं तो आधी जाणार, उशिरा येणाऱ्यानं मोठेपणा सांगायचा नाही. लोक चरफडायचे. समोर "ताई, ताई" आणि पाठ वळली की जी विशेषणं लावायचे ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

आता या गावाची एक रीत सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. इथले लोक निरोप देताना दोनदा मिठी मारतात. पहिली दारात, वजनाच्या आधी. ती साधी, पाठीवर थोपटून झाली की संपली. मग प्रवासी काट्यावर उभा राहतो, पास घेतो, मागच्या दारानं पटांगणात जातो आणि विमान लागेपर्यंत कुंपणापाशी थांबतो. कुंपणापलीकडे घरचे उभेच असतात. तिथं दुसरी मिठी. ही इतकी कडकडून की बघणाऱ्याला वाटावं, माणूस आता परत काही येत नाही. या दुसऱ्या मिठीत माया असायचीच, पण मायेबरोबर पाना, पक्कड, इस्त्री, पितळी घंटी असलं बरंच काही एका कोटातून दुसऱ्या कोटात जायचं. सासरी परतणारी एक मुलगी आईला भेटून वळली ती थेट घड्याळाचे टोले देत विमानात चढली होती.

काटाताई काय डोळे मिटून बसली नव्हती. पण मिठी मारू नका, असं कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून तिनं आपल्यापुरता उपाय काढला. प्रत्येक प्रवाशाच्या नावावर ती गुपचूप चार किलो वाढवून लिहायची. दुसऱ्या मिठीचे चार किलो. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, अगदी नवऱ्यालाही नाही.

नवरा शिंपी. गावातला सगळ्यात चांगला शिंपी, असं गिऱ्हाईक म्हणायचं, काटाताई म्हणायची, "सगळ्यात सावकाश." लहानपणी कसलासा ताप आला आणि त्याचा डावा डोळा गेला, उजेड आणि अंधार एवढंच त्या डोळ्याला कळे. सगळा संसार उजव्या डोळ्यावर चाललेला. पण त्या एका डोळ्यानं तो अशी बारीक टीप घालायचा की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते कळू नये. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. घरात एक न बोललेला करार होता: तिनं त्याच्या मापांत डोकावायचं नाही आणि त्यानं तिच्या वजनांत. दोघांत मिळून गावाची इत्थंभूत माहिती होती, एकाकडे कंबर आणि दुसरीकडे किलो, पण जेवताना विषय निघायचा तो भाजीत मीठ जास्त झालं याचा.

त्या दिवशी वारा सकाळपासूनच पिसाळलेला होता. काटाताईनं फळ्यावर 'पंचावन्न मिनिटं' लिहिलं आणि माणसं मोजायला घेतली. दहाजण होते. सामान नेहमीसारखं भरमसाट. दहाही जणांची वजनं झाली, पास झाले, मंडळी पटांगणात गेली, कुंपणापाशी दुसऱ्या मिठ्याही पार पडल्या. बेरीज जवळजवळ काठाला आली होती. दोन सीट रिकाम्या होत्या, पण त्या वाऱ्याच्या.

तेवढ्यात गावातल्या डॉक्टरीणबाईंची गाडी दारात येऊन थांबली आणि तिच्यातून काटाताईचा नवरा उतरला. उतरला म्हणजे उतरवला गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याचा दंड धरला होता. सकाळी ती घरून निघाली तेव्हा तर तो मशीनला तेल घालत होता.

"अहो, काय झालं?"

"काही नाही गं," तो म्हणाला. सांगण्यासारखं काही असलं की तो असंच म्हणायचा.

सांगितलं ते डॉक्टरीणबाईंनी. दोन दिवस त्याच्या उजव्या डोळ्यात काजवे चमकत होते. यानं समजूत करून घेतली की सुई चमकते. आज सकाळी खालच्या कोपऱ्यातून काळा पडदा वर चढायला लागला, तेव्हा भिंत धरत धरत दवाखान्यात गेला.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मधला भाग अजून चिकटून आहे. तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर राहील. पलीकडच्या हॉस्पिटलला मी फोन केलाय, ते तयार आहेत. पण आज पोहोचायला हवं. आणि बस नको हं. त्या रस्त्यावर चांगल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात, याचा पडदा काय टिकणार?"

पुढचं विमान तीन दिवसांनी होतं.

काटाताईनं नवऱ्याला काट्यावर उभं केलं. संसार झाला इतकी वर्षं, पण त्याला मोजायची वेळ पहिल्यांदाच आली होती. अठ्ठावन्न. एवढासा माणूस, आणि त्याच्यासाठी जागा करता येत नव्हती. तिनं बेरीज केली, खोडली, परत केली. चाळीसएक किलो कमी पडत होते.

चाळीस. हा आकडा कुठून आला ते कळायला तिला पेन्सिल लागली नाही. दहा माणसं, प्रत्येकी चार. तिनेच वाढवलेले, तिनेच लिहिलेले, तिच्याशिवाय कुणालाच माहीत नसलेले चाळीस किलो. ते वगळले की बेरीज बसल्यात जमा होती. कुणी विचारणार नव्हतं. विमानाचा कप्तान तर तिच्या आकड्यावर डोळे झाकून सही करायचा. नवरा भिंतीला टेकून, दोन्ही डोळे मिटून, शिक्षा झालेल्या मुलानं शाळेत उभं राहावं तसा उभा होता, आणि त्याचे डोळे पुन्हा उघडतील तेव्हा त्यांत काही दिसणार की नाही, हे तिच्या पेन्सिलीच्या टोकावर आलं होतं.

पण मागच्या दारातून तिला पटांगण दिसत होतं. तिथं गावातला प्लंबर उभा होता. मघाशी काट्यावर तो ताठ उभा होता, आता पुढं वाकून उभा होता. वकिलांच्या कोटाची एक बाजू दुसरीपेक्षा खाली आली होती. ते चाळीस किलो कागदावरचे नव्हते. ते तिथं, त्या कोटांमध्ये, खरोखरच होते. ते पुसले तरी विमानाला पेलावे लागणारच होते, आणि त्या विमानात तिचा नवराही असता.

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"होत नाही," ती सहीसाठी आत आलेल्या कप्तानाला म्हणाली. "जागा आहे, वजन नाही."

कप्तान मितभाषी माणूस. त्यानं एकदा शिंप्याकडे पाहिलं. "कुणाला उतरवायचं ते सांगा. मी थांबतो."

तिला सांगता येईना. पटांगणातल्या दहाजणांचा प्रवास कशासाठी आहे ते तिला पाठ होतं. वकिलांना कोर्टाची तारीख. प्लंबरला पलीकडच्या नव्या शाळेत नळ बसवायचे होते. बेकरीवाली बहिणीच्या दुकानाला हात द्यायला निघालेली. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई नातीचं तोंड पहिल्यांदा बघायला चाललेल्या. आजवर हिनं कुणासाठी कुणाला उतरवलं नव्हतं. लोकांनी हातापाया पडून मागितलं तेव्हा नियम दाखवला. आता स्वतःच्या माणसासाठी मागायला तोंड कुठून आणायचं? आणि न मागून तरी कसं चालणार?

"नको गं," भिंतीजवळून नवरा म्हणाला. "कुणाला उतरवू नकोस. बसनं जातो मी. डोकं धरून बसेन."

पत्र्याच्या खोलीत बोललेलं सगळं पटांगणात ऐकू जातं. मागच्या दारात सावली पडली. प्लंबर होता.

"ताई, मला परत मोजा."

"का?"

"मोजा म्हणतोय ना!" त्यानं कोटाची बटणं सोडली, दोन्ही हात आत घातले आणि काउंटरवर एकामागून एक पितळी नळ मांडायला सुरुवात केली. पाच नळ, एक मोठा पाना, वर एक शॉवरची तबकडी. मग त्यानं आतले खिसे ओढून बाहेर काढले आणि पांढरं अस्तर लोंबकळत काट्यावर जाऊन उभा राहिला. "आता जे भरतं तेच माझं वजन. त्यावर तुमचे चार किलो लावू नका."

काटाताईच्या तोंडाचा आ झाला. "तुम्हाला कसं माहीत?"

"घरच्या काट्यावर मी बहात्तर, तुमच्या पासवर शहात्तर. दर वेळी. हिशेब काय फक्त तुम्हालाच येतो? म्हटलं, चार किलो आपल्या नावावर लागतातच, तर मग न्यायचे तरी!"

"अहो, पण तुम्ही नेता म्हणून मी लावत होते!"

"आणि तुम्ही लावता म्हणून आम्ही नेत होतो!"

इतकी वर्षं हे असं चाललं होतं. ही वाढवते म्हणून ते लपवणार आणि ते लपवतात म्हणून ही वाढवणार, आणि दोन्ही बाजूंना आपणच कसे हुशार याची खात्री.

एवढ्यात दारात गर्दी झाली. बेकरीवाली आली आणि तिनं लोखंडी साचे काढले. वकील आले, त्यांनी कायद्याचे दोन ग्रंथ काढले आणि "हे पुरावा म्हणून धरू नये" एवढं पुटपुटले. कुणी इस्त्री, कुणी खिळ्यांची पिशवी, कुणी पाळण्याच्या साखळ्या. काउंटर भरला, मग बाक भरलं. जो तो खिसे उलटे करून काट्यावर चढत होता.

मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाला मात्र आतला खिसाच नव्हता. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे माझ्याही नावावर चार किलो?"

काटाताईनं मान खाली घातली. "हो, बाई."

"इतकी वर्षं मी या सगळ्या चोरांची भरपाई करत होते?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. जे पूर्वी त्यांच्या वर्गात होते, आणि ते निम्म्याहून जास्त होते, त्यांनी नजर खाली वळवली. कप्तान तेवढ्यात पुढं झाला, गळ्यापर्यंत लाल झाला, जॅकेटमधून भलामोठा टॉर्च आणि पक्कड काढून बाकावर ठेवली आणि विमानाकडे निघून गेला.

काटाताई एकेकाचं नवं वजन लिहीत होती, आणि लिहिता लिहिता तिची नजर एका गोष्टीवर अडखळली. प्लंबरच्या उलट्या खिशाच्या कोपऱ्यात, जिथं वजनानं कापड फाटतं तिथं, दुहेरी टीप होती आणि टिपेच्या शेवटी छोटासा त्रिकोण. बेकरीवालीच्या खिशालाही त्रिकोण. वकिलांच्याही. मघाशी कप्तानाच्या जॅकेटमध्ये तिला जे दिसलं होतं, तेही तेच. हा त्रिकोण तिच्या स्वतःच्या घरातल्या प्रत्येक पिशवीला होता.

ती वळली. शिंप्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं. दिसत नव्हतं तरी नजर चुकवत होता.

"अहो!"

"गिऱ्हाईक सांगेल तसं शिवावं लागतं," तो भिंतीला म्हणाला.

"सगळ्या गावाला? माझ्या नाकावर टिच्चून? माझ्याच घरात बसून?"

"फाटू नयेत म्हणून दुहेरी टीप घातली." आणि मग जरा थांबून, "वजन बरंच असायचं गं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काटाताईला हसूही येत होतं, रडूही येत होतं, आणि त्याची बकोटी धरून त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. पण डॉक्टरीणबाईंनी हलवायला मनाई केली होती.

"बरे होऊन या," ती म्हणाली. "मग भांडू. हे भांडण मी ठेवून देतेय."

नवी बेरीज झाली. अजून थोडंसं कमी पडत होतं, एका पिशवीएवढं. तिनं काही म्हणायच्या आत मुख्याध्यापिकाबाईंनी आपली पिशवी बाकावर ठेवली. आत नातीसाठी विणलेले स्वेटर होते, सगळा हिवाळा विणलेले.

"बाई, अहो, ते तरी राहू द्या..."

"मला नातीला बघायचंय. स्वेटर मागाहून येतील. लिही पुढं."

काटाताईनं लिहिलं. आकड्यावर पाणी पडलं तेव्हा फडक्यानं टिपून परत लिहिलं.

तिला बरोबर जाता आलं नाही. दुसऱ्या माणसाएवढं वजन नव्हतंच, आणि काट्यावर दुसरं कुणी नव्हतं. प्लंबरनं शिंप्याचा हात धरला आणि पायऱ्यांवरून चढवलं. त्याचे नळ तर काउंटरवर पडलेले. नळांशिवाय तो तिकडं जाऊन काय करणार होता, हे त्यालाही माहीत नसावं. विमानानं वाऱ्याकडे तोंड केलं आणि गेलं.

दोन्ही विमानतळांमध्ये एक फोन होता. इथून विमान सुटलं की काटाताईनं म्हणायचं, "निघालं." तिकडं पोहोचलं की पलीकडच्या बाईनं म्हणायचं, "उतरलं." इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि या दोन शब्दांपलीकडे बोलणं कधी गेलं नव्हतं. त्या दिवशी काटाताईनं "निघालं" म्हटलं आणि फोन ठेवायच्या ऐवजी धरूनच राहिली. मग कसंबसं म्हणाली, "त्यात आमचे हे आहेत हो."

त्यानंतर ती फळ्याखाली बसून राहिली. पंचावन्न मिनिटं हे शब्द तिनं इतक्यांदा लिहिले होते, इतक्या सहज लोकांच्या तोंडावर फेकले होते. किती लांबलचक असतात ती! वरच्या ओळीतलं एकशे चाळीसही त्या दिवशी तिला नेहमीचं वाटेना. समोर लोकांच्या वस्तू पसरलेल्या होत्या. तिनं एकेक उचलली, पुसली आणि ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावून नीट मांडून ठेवली. इतक्या वर्षांत ज्यांना तिनं नाही नाही म्हटलं होतं, त्या माणसांची ती सगळी मालमत्ता होती, आणि ती मांडताना तिला सारखं वाटत होतं की आपण देवघर आवरतोय.

फोन वाजला.

"उतरलं," पलीकडची म्हणाली. आणि मग, "हॉस्पिटलची गाडी दारात उभी केलीय मी. ते बसलेत तिच्यात. तुम्ही पाणी प्या आधी."

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. प्लंबर, हाताला काम नसल्यानं, हॉस्पिटलच्या बाकावर जाऊन बसला आणि तिथून हलला नाही. त्याचे नळ पुढच्या विमानानं गेले तरी तो आधी जेवणाचा डबा पोहोचवायचा आणि मग शाळेत जायचा. वकील कोर्टातून रोज एक चक्कर मारत. डोळ्याच्या आत डॉक्टरांनी हवेचा बुडबुडा सोडला होता, पडदा जागेवर दाबून धरायला. तो बुडबुडा विरेपर्यंत उंचावर जायचं नाही, असं त्यांनी बजावलं. विमान नाही, डोंगराचा रस्ता नाही. काही आठवडे तिकडंच राहायचं, तेही पालथं पडून. आता परक्या गावात पालथं कुठं पडणार? पलीकडच्या बाईनं विचारलंही नाही. आपल्या घराची मागची खोली झाडून घेतली आणि त्याला घेऊन गेली.

त्या आठवड्यांत "निघालं" आणि "उतरलं" यांच्यामध्ये बरंच काही बोललं जाऊ लागलं. जेवले का, झोपले का, कुरकुर करतात का. "पालथे पडल्या पडल्या माझ्या पडद्यांची शिलाई हातानं चाचपून नावं ठेवतात," पलीकडची एकदा म्हणाली, आणि काटाताई काउंटरवर डोकं टेकून हसली. किती दिवसांनी हसली असेल!

पण दिसतं का, याचं उत्तर मिळत नव्हतं. बुडबुड्यातून सगळं डुलतंय, असं तो सांगायचा. बुडबुडा लहान झाला तरी डॉक्टर म्हणाले, थोडं थांबा. शेवटच्या तपासणीनंतर तिनं फोनवर विचारलं, तर म्हणाला, "येऊन सांगतो." त्या दोन शब्दांनी तिची झोप उडाली. चांगली बातमी माणूस खिशात ठेवत नाही, असं तिला वाटलं. पण मग तिला हेही आठवलं की हा माणूस खिशात काय काय ठेवतो ते तिला कधी कळलेलं नाही.

तो यायच्या दिवशी वारा तोच होता, फक्त येणाऱ्यांच्या पाठीशी होता. पलीकडून "निघालं" आलं आणि ती नीट सावरते न सावरते तोच विमान डोंगरावरून डोकावलं. त्याच विमानानं पलीकडे जाणारे प्रवासी मोजून झाले होते आणि कुंपणापाशी रांगेत उभे होते. त्यात प्लंबर होता, बेकरीवाली होती, मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्या दिवसापासून गावानं एक नवीन रीत पाडली होती, कुणी सांगितली नव्हती आणि कुणी ठरवलीही नव्हती. दुसरी मिठी तशीच चालू होती, पण ती मारताना प्रत्येकाचे आतले खिसे उलटे काढलेले असत. आणि काटाताई कुणाच्याही नावावर एक ग्रॅम वाढवून लिहीत नव्हती.

विमानाचं दार उघडलं. शिंपी पहिल्या पायरीवर आला आणि तिथंच थांबला. डोळ्यावर पट्टी नव्हती. त्यानं कठडा घट्ट धरला होता, मान जरा वाकडी केली होती, आणि चेहरा कोरा होता. काटाताई पायऱ्यांखाली उभी होती. ती त्याच्या अगदी समोर होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

"अगं," तो कुंपणाकडे बघत म्हणाला, "ह्या सगळ्यांच्या कोटांतून पांढरं पांढरं काय लोंबतंय?"

कुंपणापाशी कुणी हललं नाही.

तो एकेक पायरी उतरला. कडा अजून धूसर होत्या, हे तिला नंतर कळलं, मधलं मात्र स्वच्छ होतं. तिला ओलांडून तो सरळ रांगेपाशी गेला, प्लंबरच्या कोटातून लोंबणारं अस्तर दोन बोटांत धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं. त्रिकोणापाशी अंगठा फिरवला.

"एक टाका सुटलाय," तो म्हणाला. "दुकानात ये. शिवून देतो."

"दिसतंय!" प्लंबर ओरडला. "अहो ताई, दिसतंय त्यांना!"

मुख्याध्यापिकाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. कप्तान पायऱ्यांवर उभा राहून उगाच आकाशाकडे बघत होता. काटाताईनं आधी नवऱ्याचे दोन्ही हात धरले, आणि मग, ज्या कुंपणाकडे ती इतकी वर्षं फक्त संशयानं बघत आली होती, त्या कुंपणापाशी जाऊन तिनं रांगेतल्या एकेकाला मिठी मारली. प्लंबरला, बेकरीवालीला, मुख्याध्यापिकाबाईंना, सगळ्यांना, कडकडून. त्या दिवशी विमान उशिरा सुटलं.